जिंकती खुर्ची

१ फेब्रुवारी, गुरुवार

लगागा लगागा, लगागा लगागा. असा होता तो आवाज. पूर्वेच्या गॅलरीत तेव्हा लाकडी फळ्या होत्या. बगळ्यांनी शेवटचा गोल केला आणि सगळी गॅलरी पाय आपटू लागली. एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. शाळेत गुरुजी टेबलावर डस्टर आपटून भुजंगप्रयात शिकवायचे, नेमका तसा. मी शेजारच्याच्या कानात ओरडलो, "अहो, हे वृत्तात आपटताहेत!" तो म्हणाला, "गप बसा आणि आपटा."

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आज पहाटे त्याच आवाजाने जाग आली. कान देऊन ऐकलं तर खालचा पाण्याचा पंप.

वही नवी आहे, तेव्हा तिला सगळं सांगणं भाग आहे. बगळे म्हणजे आमचा फुटबॉल संघ. पांढरे शर्ट, म्हणून बगळे. लीगमधले पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. आम्ही त्या दिवसानंतर एकदाही गेलो नाही. कधी अकरावे, कधी चौदावे, दोनदा तर गोलांच्या फरकाने नववे. मी हयातभर लिफ्टा दुरुस्त केल्या, दोन मजल्यांमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढली. या एका लिफ्टमध्ये मात्र स्वतःच अडकलो, आणि खोटं कशाला बोलू, मला तिथे करमायचं. एका पायावर उभं राहून वाट बघणं हा बगळ्याचा धर्मच आहे.

महिन्यापूर्वी खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरीणबाई म्हणतात, जिने चढायचे नाहीत, खाली वाकायचं नाही. गॅलरीतली माझी खुर्ची सत्तर पायऱ्या वर. रविवारचा पास कपाटात पडून आहे. लेक म्हणाली, "बाबा, मामंजींना द्या की. दिवसभर खिडकीत बसून असतात बिचारे."

मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही. दातांचे डॉक्टर होते. विहीणबाई गेल्या आणि गेल्या वर्षी ते दवाखाना बंद करून मुलाकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, राहायला आले. माणूस सभ्य. सत्तरीतही बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे, आणि हसताना ते सगळे मोजून दाखवतो.

दिला पास. एका सामन्यापुरता.

४ फेब्रुवारी, रविवार

तीन-शून्य! पायाचं दुखणं विसरून खुर्चीतून उठलो आणि कळवळून बसलो.

संध्याकाळी व्याही आले. गळ्यात माझा मफलर. (पासाबरोबर तोही लेकीने परस्पर देऊन टाकला.) म्हणाले, "अहो व्याही, ते कोपऱ्यातून मारतात त्याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "कॉर्नर." म्हणाले, "अच्छा, कोपऱ्यालाच कॉर्नर म्हणतात होय." या माणसाने माझ्या खुर्चीत बसून तीन गोल पाहिले! मी तिथे बसून शून्य-शून्य किती पाहिले त्याला गणती नाही.

साडेनऊपर्यंत बसले. जेवूनच गेले. पास परत द्यायचा विसरले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

भोंगा येऊन गेला. हा आमच्या गॅलरीचा म्होरक्या, धंदा फळांचा. आवाज असा की याने चौकात संत्री म्हटलं की दोन गल्ल्यांपलीकडची गिऱ्हाइकं वळून बघतात. डझनभर केळी घेऊन आला तेव्हाच मला शंका आली होती. हा फुकट साल देत नाही.

"काका, तब्येत सांभाळा. घाई नको. डॉक्टर बसतील तुमच्या जागेवर."

"कोण डॉक्टर?"

"तुमचे व्याही हो. जिंकून दिलं ना त्यांनी! आता जागा हलवून चालेल का? नियम तुम्हीच केलाय."

केला आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. तेव्हा ओळीने तीन सामने जिंकलो होतो, आणि चौथ्याला लोक जागा बदलून बसले म्हणून मी गॅलरीच्या मागच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलं:

जिंकून देई जी खुर्ची, तिची सांभाळावी मर्जी;
बसला त्याने बसून राहावे, दुज्याची ऐकू नये अर्जी.

वृत्तात नाही, पण यमक पक्कं आहे. गॅलरीने ते देववाक्य मानलं. जो ज्या खुर्चीत असताना घरच्या मैदानावर जिंकलो, त्याने हरेपर्यंत तिथेच बसायचं, अंगावर तेच कपडे, न धुतलेले. या नियमापायी एक जण बायकोच्या बाळंतपणाला उशिरा पोचला होता. आम्ही त्याचा सत्कार केला.

"हरेपर्यंतच ना?" मी विचारलं.

"म्हणजे काय काका," भोंगा म्हणाला, "कधी ना कधी हरतीलच की. बगळेच आहेत ते."

एवढ्या आशेवर केळी खाल्ली.

१८ फेब्रुवारी, रविवार

दोन-एक. पुन्हा जिंकले.

व्याही पुन्हा आले, पुन्हा मफलर, पुन्हा दात. खेळाचं सगळं वर्णन बारीकसारीक करत होते. कोण कुठून धावला, कोणी कोणाला पाडलं. दर दोन वाक्यांनी थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे: "बरोबर सांगतोय ना मी?" तिथे मी होतो का बरोबर-चूक ठरवायला? जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हे. वर म्हणाले, "मी तुमच्या खुर्चीत नीट बसत नाही हो. कडेला टेकतो नुसता." टेकतो म्हणे! टेकणाऱ्याला दोन सामन्यांत पाच गोल, आणि रुतून बसलेल्याला सव्वीस वर्षं काय, तर टाचदुखी.

मग म्हणाले, शाळेतली एखादी कविता म्हणा. मी दोन म्हटल्या, घुश्शातच. डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली असावी.

२८ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी जिन्याची परवानगी दिली! कठडा धरून, सावकाश. वाकायची बंदी मात्र कायम. बूट घालायला लांब दांड्याचं शिंग दिलंय, त्याने पाय आत जातो. पण बंद बांधायला रोज खालच्या मजल्यावरच्या कोणाला तरी हाक मारावी लागते. म्हणून चपलाच घालतो.

तडक भोंग्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, "मी बरा झालो."

भोंग्याने हातातलं कलिंगड खाली ठेवलं. "काका, आपण सध्या दहावे आहोत. आठव्यापासून चार गुण लांब. तुमच्या पाया पडतो, बरं होऊ नका."

"माझी खुर्ची आहे ती!"

"खुर्ची तुमची, पायगुण त्यांचा."

गिऱ्हाइकं हसली. एक बाई तर म्हणाल्या, "आजोबा, एवढं महिनाभर सोसा." कसले आजोबा! मी या गॅलरीत आलो तेव्हा ही झबल्यात असेल.

घरी आल्यावर लेकीला फोन केला. ती म्हणाली, "तुम्हीच लिहिलंत ना भिंतीवर? मग आता भोगा." आई गेल्यापासून हिची जीभ आईसारखीच झाली आहे.

३ मार्च, रविवार

लिहू की नको असं होतंय. पण वहीपासून काय लपवायचं?

आज गेलो. आत नाही, पूर्वेच्या भिंतीबाहेर, जिथे सायकली लावतात तिथे. नियम खुर्चीचा आहे, भिंतीबाहेर उभं राहण्याबद्दल त्यात शब्द नाही. कान भिंतीला लावून उभा राहिलो. वीस मिनिटं ठीक चाललं. मग आतून ते कण्हणं आलं, जे मी झोपेतही ओळखेन. गोल खाल्ला.

मी आलो म्हणून? काठी टेकत निघालो. सिग्नलपाशी पोचलो तोवर मागून गर्जना: बरोबरी. घराच्या कोपऱ्यावर पोचलो तर पानवाल्याचा रेडिओ ओरडत होता: दोन-एक! म्हणजे मी जितका लांब जातो तितके ते जिंकतात. अशा हिशेबाने मी परगावी राहायला गेलो असतो तर गेली वीस वर्षं अजिंक्यपद आमचंच होतं.

हे कोणाला सांगितलेलं नाही.

व्याही आले तेव्हा म्हणाले, "आज तुम्हाला बाहेर सायकलींपाशी बघितल्यासारखं वाटलं. मधेच खाली उतरून आलो होतो, पण तुम्ही नव्हतात." मी म्हटलं, "मी? छे! मी झोपलो होतो." आता गॅलरीतून खाली वाकून माझ्यावर पाळतही ठेवतात.

१७ मार्च, रविवार

सकाळी सातला व्याह्यांचा फोन. आवाज अगदी खोल: "अहो व्याही, मला ताप आहे. थंडी वाजतेय. आज काही जमेल असं वाटत नाही. पास पाठवून देतो, तुम्हीच जा."

क्षणभर असा आनंद झाला की काय सांगू! आणि दुसऱ्या क्षणाला भिंतीवरची माझीच अक्षरं डोळ्यांपुढे आली. आपण नववे. एक गुण मागे. या माणसाला तापाशिवाय काही सुचू नये? भाव खातोय झालं. चार लोकांनी मिनतवाऱ्या कराव्यात, गाडी पाठवावी, शालीत गुंडाळून न्यावं, असं वाटत असणार.

मी म्हटलं, "डॉक्टर असून तापाला भिता? दोन गोळ्या घ्या आणि निघा. सव्वीस वर्षांचा प्रश्न आहे." आणि भोंग्याला फोन करून गाडीही मीच पाठवली. भोंगा नंतर म्हणाला, "काका, ताप कसला! कपाळ थंडगार होतं. कुरकुरत होते, आज मला सोडा, आज त्यांना न्या म्हणून."

बघा. नाटकीपणाची हद्द झाली.

१८ मार्च, सोमवार

कालचा सामना बरोबरीत सुटला. रात्री उशिरापर्यंत गॅलरीत खल चालला होता म्हणे: बरोबरी म्हणजे हार धरायची का? शेवटी भोंग्याने निकाल दिला, "हरलो नाही म्हणजे जिंकलोच." माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. व्याही बोलले, पण ते नियमातले नवखे, त्यांचं कोण ऐकतो.

एक गोष्ट लिहून टाकतो, मग ती मनात राहणार नाही. काल शेवटची दहा मिनिटं मी रेडिओपाशी हात जोडून बसलो होतो. सवयीने नेहमी म्हणतो तेच म्हणणार होतो, आणि तोंडातून आलं: हरू दे. एकदाच हरू दे.

रेडिओ बंद केला. उठून तोंड धुतलं. आरशातल्या म्हाताऱ्याकडे बघवलं नाही.

१ एप्रिल, सोमवार

काल जिंकले. आठवे झाले.

आजच्या पेपरात फोटो आहे. अर्धं पान. माझी खुर्ची, माझा मफलर, आणि त्यात बसून तोंडभर हसणारे व्याही. खाली लिहिलंय: "सव्वीस वर्षांच्या प्रतीक्षेचा चेहरा." सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांपूर्वी हा चेहरा लोकांच्या दाढा उपटत होता! चार फेब्रुवारीपर्यंत याला कोपरा आणि कॉर्नर यातलं नातं माहीत नव्हतं!

पानवाल्याने पेपर दाखवून विचारलं, "हे तुमचेच कोणी ना?" मी म्हटलं, "लांबचे."

पोटात काही तरी पेटलंय आणि पाणी पिऊन विझत नाही. लहानपणी कवितापाठांतरात माझं बक्षीस दुसऱ्याला दिलं होतं, त्या मुलाने शेवटचं कडवं गाळलं होतं तरी. तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, म्हणून चालून गेलं.

२ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं. व्याही, हातात पेपर. फोटो दाखवायला आले होते, दुसरं काय! मी दार उघडलं नाही. श्वास रोखून उभा राहिलो. "अहो व्याही," त्यांनी हलकेच हाक मारली. मग दाराला तोंड लावून म्हणाले, "मी त्यांना तुमचं नाव सांगितलं होतं हो. त्यांनी छापलं नाही."

अशा वेळी असं बोलावंच लागतं.

गेले असतील म्हणून बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं, तर जिन्याच्या पायरीवर बसलेले. पेपर मांडीवर, पण वाचत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, घरी यायला आठ वाजतात, मुलगा फिरतीवर. तेव्हा त्यांना घाई अशी नव्हतीच. दिवे लागले तेव्हा उठले.

रात्री भात केला तो जास्त झाला. हल्ली व्याही मंगळवारीही जेवायला येत, म्हणून दोघांचा लावायची सवय झाली होती.

१२ एप्रिल, शुक्रवार

रविवारी शेवटचा सामना. जिंकलो तर आत. बरोबरी झाली किंवा हरलो तर नववे, तिसऱ्यांदा.

लेक म्हणाली, "बाबा, मामंजी गेल्या आठवड्यापासून नीट जेवत नाहीत. तुमचं काही झालंय का?" मी म्हटलं, "त्यांनाच विचार. मोठी माणसं झालीत ती, पेपरात फोटो येतात." ती म्हणाली, "दोघंही सारखेच आहात," आणि फोन आपटला. आम्ही सारखे? एकाने सव्वीस वर्षं नांगरलं, पेरलं, दुसरा आयत्या वेळी विळा घेऊन आला. याला सारखे म्हणतात?

१४ एप्रिल, रविवार

सामना सुरू झाला आहे. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहितोय. रेडिओ स्वयंपाकघरात ठेवलाय आणि मी इथे दाराजवळच्या खुर्चीत. मधे एक भिंत हवी. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही, सगळे मैदानावर. लेकसुद्धा गेली. मला विचारलंन, "येता का माझ्याबरोबर दक्षिणेच्या गॅलरीत?" बगळ्यांच्या सामन्याला मी दक्षिणेच्या गॅलरीत बसू? त्यापेक्षा मरण बरं.

शून्य-शून्य. दोनदा गोलखांब वाचवून गेला. त्यांना, आम्हाला नव्हे.

ठरवलंय की आज काही मागायचं नाही. हरू दे नाही, जिंकू दे नाही. तोंडावर भरवसा नाही माझा.

गोल! आपला! एक-शून्य! समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकतंय. खिडकीतून ओरडलो तर रस्त्यावर ऐकायला कोणी नाही. असा आनंद एकट्याने करता येत नाही, तो नासतो. गोल होऊन वीस मिनिटं झाली, मध्यंतरही झालं, अजून एक-शून्यच. आत्ता गॅलरीत काय चाललं असेल! भोंगा कोणाच्या तरी गळ्यात पडला असेल, आणि माझ्या खुर्चीत ते दात

बेल वाजतेय. आज? आत्ता?

उघडून आलो. आता पुन्हा खुर्चीत बसून हे लिहितोय, कारण वहीला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दारात व्याही. घामाने निथळत, केस विसकटलेले, मफलर हातात. पहिला शब्द माझ्याच तोंडून आला, आणि तो ओरडण्याचाच होता: "खुर्चीत कोण आहे?"

"कोणी नाही."

"डोकं फिरलंय का तुमचं? जिंकती खुर्ची रिकामी टाकून आलात?"

"भोंग्याने दंड धरला होता. लघवीला जातो म्हटलं. त्याच्यावर तुमचा नियम नाही." धाप लागली होती, तरी बोलतच होते. "खाली टॅक्सी उभी आहे. मध्यंतर संपायला वेळ आहे. चला."

"मी? मी आलो तर हरतील. तुम्हाला माहीत नाही, मी एकदा..."

"माहीत आहे. सायकलींपाशी." त्यांनी दाराची चौकट धरली. "अहो व्याही, हरताना तुम्ही त्यांना पुष्कळ पाहिलंत. आज जिंकताहेत, म्हणून न्यायला आलो. उद्या मी येऊन सगळं सांगेन, पण मला कुठे सांगता येतं? मी बोलतो आणि तुमचं तोंड उतरत जातं."

"आणि हरले तर? अख्खी गॅलरी फाडून खाईल."

"तर दोघांना मिळून खाईल."

"पास एकाचाच आहे."

"मी तुमच्या शेजारी पायरीवर बसेन. तिथे सगळे ओरडतात हो, पण काय चाललंय ते कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा."

खालून टॅक्सीवाला हॉर्न देतोय. मी म्हटलं, चपला घालून सत्तर पायऱ्या चढायच्या कशा, बूट हवेत, आणि बंद तर मला बांधता येत नाहीत. त्यावर त्यांनी कोपऱ्यातले बूट आणले, मफलर माझ्या गळ्यात टाकला आणि इथे फरशीवर मांडी घालून बसले. मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या पायाशी बसलाय, एका बुटाला पक्की गाठ मारून झालीय, आणि मान वर न करता म्हणतोय, "लिहीत काय बसलात? दुसरा पाय द्या."